बाथरूममध्ये वॉलपेपर लावायचाय? आधी भिंत कोरडी करा

आमचं घर सिडकोतलं, जुनं. बाथरूमला टाइल्स चार फुटांपर्यंतच आणि त्यावरच्या रंगाचे पोपडे निघालेले. सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये घरोघरी पाहुण्यांची तयारी सुरू होते, तशी आमच्याकडेही झाली. टाइल्स फोडून नव्या बसवायच्या म्हणजे राडारोडा, धूळ आणि आठवडाभर शेजाऱ्यांच्या बाथरूमवर गुजराण. म्हणून मी आणि धाकट्या भावाने बेसिनच्या बाजूला वॉलपेपर लावला. लावायला दीड दिवस लागला, पण भिंतीच्या तयारीत दोन आठवडे गेले. कुणी मला विचारलं, तर मी पहिल्यांदा त्या दोन आठवड्यांबद्दलच सांगते.

कुठे लावायचा, कुठे नाही

शॉवरखाली आणि बादलीच्या आसपास वॉलपेपर लावूच नका. आपण तांब्याने पाणी घेतो तेव्हा ते किती वर उडतं, याचा अंदाज सहसा चुकतो. त्यावर सोपा उपाय आहे. वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने भिंतींवर लावा आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना नेहमीसारखी अंघोळ करू द्या. जिथे कागदावर पाण्याचे डाग दिसतील, तिथे टाइल्सच हव्यात. जिथे तो कोरडा राहील, ती जागा वॉलपेपरची. बहुतेक घरांत ही जागा म्हणजे बेसिनमागची भिंत, दाराच्या वरचा भाग आणि टाइल्सच्या वरचा पट्टा. नुसत्या संडासात मात्र चारही भिंतींवर बिनधास्त लावता येतो.

दुसरी परीक्षा ओलीची. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि २४ तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले असतील, तर ती खोलीतली वाफ आहे. वाफेला एक्झॉस्ट फॅन पुरतो. भिंतीतल्या ओलीला प्लंबर किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग लागतं आणि ते होईपर्यंत वॉलपेपरचा विचार बाजूला ठेवा. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर आपल्याकडे पावसाचा मारा जास्त असतो, तेव्हा ती भिंत दोनदा तपासा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तो काळ उत्तम. कडाक्याच्या थंडीत खळ वाळायला वेळ लागतो, पण त्याने काही बिघडत नाही.

कागद आणि खळ

दुकानात ‘वॉशेबल’ एवढंच ऐकून समाधान मानू नका. व्हिनायलचा, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला आहे का आणि पाठ नॉन-वूव्हन, म्हणजे न विणता धागे दाबून केलेली, कापडासारखी आहे का, हे विचारा. नॉन-वूव्हन पाठ ओली झाली तरी फुगत नाही, त्यामुळे खळ थेट भिंतीला लावता येते आणि नवख्या हाताला ते फार सोयीचं पडतं. कागदी पाठ असेल तर खळ कागदाला लावायची, पट्टा खळीची बाजू आत ठेवून अलगद दुमडायचा आणि रोलवर लिहिलेली पाच-दहा मिनिटं थांबायचं. न थांबता लावला, तर तो भिंतीवर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. स्टिकरसारखे चिकटणारे रोल मी बाथरूमसाठी सुचवणार नाही. वाफेने त्यांच्या कडा सुटतात आणि काढताना खालचा रंगही सोबत येतो.

आकाशकंदिलाला वापरतो तशी मैद्याची खळ इथे चालणार नाही. तिच्यावर बुरशी येते आणि कसर लागते. व्हिनायलसाठी चालणारी, बुरशीरोधक अशी तयार खळ किंवा पावडर घ्या. पावडर असेल तर गार पाण्यात थोडी थोडी भुरभुरत, सतत ढवळत टाका. एकदम ओतली की गुठळ्या झाल्याच, आणि त्या गुठळ्या नंतर कागदाखाली पुळ्यांसारख्या दिसतात.

हिशेब असा. नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. आमची बेसिनची भिंत पाच फूट रुंद, म्हणजे ६० इंच. भागिले २१ केलं की तीन पट्टे. टाइल्सपासून छतापर्यंत साडेपाच फूट, वर-खाली दोन-दोन इंच जास्तीचे धरून ७० इंच. पण डिझाइन दर २१ इंचांनी परत येत होतं, म्हणून प्रत्येक पट्टा चार डिझाइनांचा, म्हणजे ८४ इंचांचा धरावा लागला. एका रोलमध्ये असे चार पट्टे निघतात. तीन वापरले, एक उरला. जास्त रोल लागणार असतील तर सगळ्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. वेगळ्या बॅचच्या रंगात किंचित फरक असतो आणि तो भिंतीवर लावल्यावरच कळतो.

भिंत

सुटलेला रंग पट्टीने खरवडा. काळी बुरशी असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून. आपल्याकडे बाथरूममध्ये टाइल्स घासायचं ॲसिड ठेवलेलं असतं. ते आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. एकाने धुतलं असेल तर भरपूर पाणी ओता आणि दुसरं त्या दिवशी वापरूच नका.

मग खड्डे पुट्टीने भरा, वाळू द्या आणि पॉलिश पेपरने घासा. तळहात भिंतीवरून फिरवा. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं, आणि हाताला जे लागतं ते वॉलपेपरवर दिसतं. शेवटी एक साधी तपासणी करा. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून झटक्यात ओढा. त्याला पांढरी भुकटी आली, तर वॉलपेपर भिंतीला चिकटणार नाही, त्या भुकटीलाच चिकटेल आणि महिन्या-दोन महिन्यांत पुट्टीसकट खाली येईल. डिस्टेंपर असलेल्या भिंतीचंही तेच. डिस्टेंपर धुऊन, खरवडून काढा, प्रायमरचा एक हात द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. नवं प्लास्टर असेल तर किमान महिनाभर थांबा.

पहिला पट्टा

पहिल्या वेळी मी इथेच चुकले होते. दाराची चौकट सरळ आहे असं धरून तिला लागून पट्टा लावला. चौकट तिरकी होती. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत डिझाइनमधल्या वेली टाइल्सच्या रेषेवर उजवीकडे कललेल्या दिसायला लागल्या आणि सगळं काढावं लागलं.

या वेळी शेजारच्या गवंडीकाकांकडून ओळंबा आणला. नसेल तर मजबूत दोऱ्याला जड नट बांधा, तेवढंच काम होतं. कोपऱ्यापासून २० इंचांवर, छताजवळ खिळ्याला दोरा अडकवा आणि नट हलायचा पूर्ण थांबू द्या. दोऱ्याच्या मागे चार-पाच ठिकाणी पेन्सिलने ठिपके देऊन पट्टीने जोडा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पुढे कागदावर उमटते. पट्टा २१ इंचांचा आणि रेषा २० वर, त्यामुळे एक इंच कोपऱ्यात वळतो आणि कोपरा वाकडा असला तरी तो दोष तिथे लपतो.

मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद केल्यावरही त्याच्यावरचे पॉइंट चालू राहतात. गिझरच्या आणि दिव्याच्या बोर्डावर टेस्टर लावून खात्री करा, मग प्लेट काढा.

रोलरने खळ पट्ट्याच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त जागेत लावा. कोपरे आणि कडा ब्रशने भरा, कारण सुटायची सुरुवात तिथूनच होते. एकाने शिडीवर चढून वरची कड धरायची आणि दुसऱ्याने खालून पट्टा रेषेला जुळवायचा. “ताई, वर अर्धा बोट सरकव,” असं भाऊ खालून सांगत होता आणि कागद खळीवर सहज सरकत होता. घाई करू नका, काही मिनिटं तो सरकतो. रेषेला बसला की प्लास्टिकच्या सपाट पट्टीने मधून कडांकडे आणि वरून खाली हवा काढत या. टाइल्सवर किंवा कागदावर आलेली खळ ओल्या स्पंजने लगेच पुसा. वाळली की चमकदार डाग राहतो.

वर-खाली उरलेला कागद पुट्टीच्या पट्टीने कोपऱ्यात दाबून कटरने कापा. प्रत्येक कापानंतर ब्लेडचं टोक मोडा. बोथट ब्लेडने ओला कागद कापला जात नाही, फाटतो.

पुढचे पट्टे, कोपरे, बोर्ड

दुसरा पट्टा पहिल्याला चिकटून लावा, वर चढवू नका. डोळ्यांच्या उंचीवर डिझाइन जुळवा, कारण तिथेच नजर जाते. पंधरा-वीस मिनिटांनी जोडावरून छोटा रोलर हलक्या हाताने फिरवा.

आतल्या कोपऱ्यात अख्खा पट्टा वळवू नका. कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा, सगळ्यात मोठ्या मापात अर्धा इंच मिळवा आणि तेवढाच कापून लावा. पुढच्या भिंतीवर ओळंबा पुन्हा धरायचा. त्या अर्ध्या इंचावर व्हिनायलवर व्हिनायल येतो आणि साधी खळ तिथे पकडत नाही, जोडासाठीची वेगळी खळ मिळते ती वापरा.

स्विचबोर्डवरून पट्टा तसाच खाली आणा, बोर्डाच्या मधोमध फुली मारा, चार त्रिकोण बाहेर ओढून कापा आणि कड प्लेटखाली जाईल एवढी ठेवा. चंदेरी, धातूचा मुलामा असलेला कागद मात्र प्लेटखाली घालू नका, त्यातून वीज वाहू शकते. वायरिंग अर्धवट उघडं दिसलं तर तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा.

वाळल्यावर

पहिला दिवसभर पंखा लावू नका, झपाट्याने वाळला की जोड उघडतात. दोन दिवस त्या बाथरूममध्ये अंघोळ नको. बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, बरेचसे वाळताना आपोआप बसतात. उरलेल्यांना ब्लेडने बारीक चीर द्या, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने थोडी खळ आत सोडा आणि दाबा.

पूर्ण वाळल्यावर टाइल्स आणि कागद जिथे मिळतात, ती कड बुरशीरोधक पारदर्शक सिलिकॉनने बंद करा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मध्ये बारीक धार सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि टेप लगेच काढा. टाइल्सच्या वरच्या कडेवर साचणारं पाणी कागदाच्या पाठीमागे शिरायची हीच मुख्य जागा असते. त्यानंतर अंघोळ झाली की दहा-पंधरा मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा.

आमचा उरलेला चौथा पट्टा गुंडाळून, दुमडू न देता, माळ्यावर ठेवला आहे. पाठीवर बॅच नंबर पेन्सिलने लिहिला आहे. उद्या गिझरचा प्लंबर येऊन कुठे एखादं छिद्र पाडून गेला, तर त्यातलाच तुकडा कापून लावता येईल.