शिसे-थायोलेटची स्फटिकरचना वाचताना बंध कसे ठरवावेत

द्विसंयुजी शिसे आणि थायोलेट (कार्बनी गटाला जोडलेला ऋणभारित गंधक) यांच्या संयुगाची सीआयएफ फाइल, म्हणजे स्फटिकातील अणूंची स्थाने नोंदवणारी फाइल, उघडली की पडद्यावर बहुधा दोन-तीन रेषांनी गंधकाशी जोडलेला शिशाचा अणू दिसतो. या रेषा संगणक-प्रणालीने ठरावीक अंतरमर्यादा लावून काढलेल्या असतात, त्यामुळे त्यांवरून समन्वय अंक (शिशाला जोडलेल्या अणूंची संख्या) लिहून मोकळे होऊ नये.

प्रथम सममितीच्या क्रिया लावून शेजारचे रेणू उभे करावेत, कारण फाइलमध्ये असममित एकक, म्हणजे सममितीने पुन्हा न येणारा रचनेचा किमान भाग, तेवढेच असते आणि स्वतंत्र वाटणारा रेणू प्रत्यक्षात लांबलचक साखळीचा दुवा असू शकतो. त्यानंतर शिशापासून 3.8 अँगस्ट्रॉमपर्यंतच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे 0.1 नॅनोमीटर) सर्व गंधक-अणूंची अंतरे चढत्या क्रमाने मांडावीत. ही मर्यादा दोन्ही अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांच्या (बंध नसताना अणू किती जवळ येतात त्यावरून ठरणाऱ्या त्रिज्यांच्या) बेरजेइतकी आहे. साधारण 2.6 ते 2.8 अँगस्ट्रॉमचे बंध ठळकपणे सहसंयुज मानावेत. खरा कस लागतो तो 3 ते 3.5 अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात, जिथे शेजारच्या रेणूतील गंधक शिशाकडे झुकलेला असतो.

अशा वेळी बंध-संयुजेचे गणित करावे, म्हणजे अणूच्या संयुजेतील प्रत्येक बंधाचा वाटा काढावा; सर्व वाट्यांची बेरीज संयुजेच्या जवळ यायला हवी. 2.54 मधून बंधाची लांबी वजा करून 0.37 ने भागावे आणि येणारी संख्या e (सुमारे 2.718) चा घातांक म्हणून घ्यावी; उत्तर म्हणजे त्या बंधाचा वाटा. समजा, दोन गंधक 2.65 वर आणि दोन 3.10 वर आहेत. पहिल्या दोघांचे प्रत्येकी सुमारे 0.74 आणि दुसऱ्या दोघांचे प्रत्येकी 0.22 धरल्यास बेरीज 1.92 होते. शिशाची संयुजा 2 असल्याने लांबचे बंध वगळले तर हिशेब जुळत नाही, म्हणजे ते बंध दुर्बल असले तरी रचनेचा भाग आहेत. (गॅलिना या शिसे-गंधकाच्या खनिजात 2.97 अँगस्ट्रॉमचे सहा समान बंध असतात आणि तिथेही बेरीज 1.9 च्या आसपास येते. पद्धतीवर विश्वास बसण्यासाठी हे उदाहरण एकदा स्वतः करून पाहावेच.)

आता कोन मोजावेत. गॅलिनात शिशाभोवती नियमित अष्टफलक असतो. याउलट तीन थायोलेट असलेल्या ऋणायनात शिसे बसक्या पिरॅमिडच्या शिखरावर बसते आणि गंधक-शिसे-गंधक कोन 90 अंशांच्या आसपास, थोडे अधिक, राहतात. सगळे छोटे बंध एकाच अर्धगोलात दाटलेले असतील आणि दुसरीकडे पोकळी असेल, तर 6s² ही एकाकी (बंधात न गुंतलेली) इलेक्ट्रॉन जोडी तिकडे वळली आहे असे अनुमान काढावे. लांबचे बंध त्या पोकळीच्या कडेने येतात की थेट तिच्यातून, हे मात्र बारकाईने पाहावे; चित्र फिरवत राहिल्याशिवाय ते कळत नाही.

82 इलेक्ट्रॉनांचे शिसे क्ष-किरण इतके प्रभावीपणे विखुरते की जवळच्या कार्बनांची अचूकता घटते आणि हायड्रोजन जवळजवळ झाकोळून जातात. स्फटिकात होणाऱ्या क्ष-किरणांच्या शोषणाची दुरुस्ती नीट झाली नसेल, तर शिशाच्या एका अँगस्ट्रॉमच्या आत इलेक्ट्रॉन-घनतेची उंच शिखरे उरतात. ती पाहून एकाकी जोडी सापडली असे कदापि लिहू नये.