तापलेल्या मिठाची टाकी: या कामात येणाऱ्यांसाठी

काम असं: आरशांनी गोळा केलेली उन्हाची उष्णता वितळलेल्या मिठात साठवायची आणि हवी तेव्हा तिच्यावर वीज करायची. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की हमखास विचारतात, ‘सर, इन्सुलेशन किती जाड ठेवायचं?’ प्रश्न रास्त आहे, पण या कामातला तो सगळ्यात सोपा भाग.

आधी मिठाचा हिशोब. सोलर सॉल्ट म्हणजे 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट. टॉवर प्लांटमध्ये, म्हणजे आरसे ऊन एका मनोऱ्याच्या टोकावर एकवटतात तिथे, ते 290 अंशांच्या ‘थंड’ टाकीतून वर ऊन झेलणाऱ्या रिसीव्हरला जातं आणि 565 अंशांना गरम टाकीत उतरतं. एका टनात या फरकाने साधारण 115 युनिट उष्णता मावते. टर्बाइनच्या बाजूची कार्यक्षमता 40 टक्के धरली तर वीज मिळते 45 युनिट. म्हणजे 1 मेगावॅट 10 तास चालवायचा तर सव्वादोनशे टन मीठ लागणार. हे गणित सॉफ्टवेअर न उघडता, कागदावर आलं पाहिजे. मुलाखतीत मी तेच विचारतो.

आता जाडी. कॅटलॉगमध्ये रॉकवूलची (दगडापासून केलेल्या लोकरीची) उष्णतावाहकता 0.04 वॅट प्रति मीटर-केल्विन दिसते, पण ती खोलीच्या तापमानाची. गरम टाकीला 0.1 धरा. 400 मिलिमीटर थरातून चौरस मीटरमागे 130 वॅट जातात. कॉलेजच्या लॅबमधली 1 मीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची टाकी यात दिवसाला पंचवीसेक अंश उतरते. तोच थर 20 मीटर व्यासाच्या, 10 मीटर उंच टाकीला द्या, ती दोन अंशही उतरत नाही. पृष्ठभाग वर्गाने वाढतो, मीठ घनाने. त्यामुळे लॅबचे आकडे बघून हबकू नका, आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते जसेच्या तसे मोठ्या प्लांटला चिकटवूही नका.

उष्णतेची खरी गळती असते नोझलपाशी (पाइप जोडायच्या तोंडापाशी), थर्मोवेलपाशी (तापमापक घालायच्या नळीपाशी), शिडीच्या ब्रॅकेटपाशी, जिथे पोलाद इन्सुलेशन भेदून बाहेर येतं. थर्मल कॅमेरा घेऊन टाकीभोवती एक फेरी मारा. इन्सुलेशनवरचा पत्रा सगळीकडे निळा, म्हणजे थंड, आणि मध्येच पिवळेजर्द गरम ठिपके. मात्र त्या निळ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चकाकतो आणि कॅमेऱ्याला आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवायचा, थोडं थांबायचं आणि टेपवरचं रीडिंग घ्यायचं.

आणि टाकीचा तळ. भिंतीचा पत्रा उघडून रॉकवूल बदलता येतं, तळाखाली नंतर हात घालता येत नाही. 347 एच या प्रकारच्या स्टेनलेसची 20 मीटर व्यासाची टाकी 565 अंशांपर्यंत तापली की व्यासात जवळपास 19 सेंटिमीटर वाढते. तेवढा तळ वाळूच्या थरावरून सरकला पाहिजे, आणि वर हजारो टन मीठ बसलेलं. घर्षण जास्त झालं की पत्रा फुगतो, वेल्डवर ताण येतो. वाळूखाली फोमग्लास (काचेच्या फेसाचे ठोकळे) किंवा भाजलेल्या मातीचे हलके दाणे, भिंतीखाली भार पेलायला फायरब्रिकचं कडं, त्याखाली काँक्रीट, आणि ते तापू नये म्हणून त्यात हवेचे पाइप. नेवाडातल्या क्रिसेंट ड्यून्स प्लांटची गरम टाकी 2016 मध्ये गळली आणि प्लांट कित्येक महिने बंद पडला. टाक्यांच्या डिझाइनचं नेहमीचं कोड, म्हणजे नियमावली, एपीआय 650, पण त्याचं उच्च तापमानाचं परिशिष्ट 260 अंशांवर थांबतं. पुढचं एएसएमईमधून (बॉयलर आणि प्रेशर व्हेसलच्या कोडमधून) उचलून स्वतःच्या जबाबदारीवर जुळवावं लागतं. म्हणून हीट ट्रान्सफरइतकंच थर्मल स्ट्रेस शिका. नुसता हीट ट्रान्सफर येणारा माणूस या कामात अर्धाच.

नोकरीचं सरळ सांगतो: मिठाच्या मोठ्या टाक्यांचं काम स्पेन, चिली, मोरोक्को, दुबई, चीन इथे. आपल्याकडे अबू रोडच्या ‘इंडिया वन’ या सौर वीज प्रकल्पाने मीठ टाळून डिशच्या फोकसवर ओतीव लोखंडातच उष्णता साठवली; जमल्यास जाऊन बघा. शिर्डीच्या प्रसादालयातल्या सौर वाफेच्या डिशही बघण्यासारख्या आहेत, पण ते काम कमी तापमानाचं.

सुरुवात रिफायनरीत किंवा बॉयलरवर लॅगिंगवाल्यांबरोबर, म्हणजे इन्सुलेशन चढवणाऱ्यांबरोबर, केलीत तरी चालेल, उलट बरंच. एलआरबी मॅट्रेसच्या (रॉकवूलच्या गाद्यांच्या) थरांचे सांधे एकावर एक येऊ न देणं, पहिल्यांदा तापवताना त्यातला बाइंडर, म्हणजे धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, जळून जो उग्र धूर निघतो त्याला न घाबरणं, हे तिथेच कळतं. आणि पावसाळ्यात क्लॅडिंगआधी, म्हणजे वरचा पत्रा बसण्याआधी, रॉकवूल भिजलं असेल, तर सुपरवायझर ‘वाळेल हो’ म्हणाला तरी सही करायची नाही. त्यातले क्लोराइड स्टेनलेसला तडे पाडतात, आणि ते तडे पत्र्याआड असतात.