लोअर आर्म ॲल्युमिनियमचा करायचा असेल तर

स्टीलचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा, जसाच्या तसा ॲल्युमिनियममध्ये कापून मागू नका. कॉलेजची रेसिंग गाडी बांधणारी मुलं भांडुपला माझ्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा मी आधी हेच सांगतो. ॲल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, स्टीलची ७.८५. वजन तिसऱ्या हिश्शावर येतं खरं, पण ताठपणाही तेवढाच उतरतो: साधारण २१० गिगापास्कलचे ७०. असा आर्म ब्रेक दाबताच लवतो, चाकाचा कोन हलतो आणि गाडी हातात राहत नाही.

म्हणून आकार नव्याने काढा. भार ज्या दिशेने येतो, त्या दिशेची जाडी वाढवा. भरीव चौकोनी छेदात ताठपणा त्या जाडीच्या घनाने वाढतो. जाडी १.४४ पट केलीत की ताठपणा स्टीलइतका होतो आणि वजन तरीही निम्मं राहतं. मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक पूर्ण वर-खाली करून, जाड आर्म कुठे अडणार नाही ना, ती जागा आधी मोजा.

माल ६०६१ किंवा ६०८२ या मिश्रधातूचा, टी-६ टेंपरचा (म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेला) घ्या. आर्म जोडकामाने करू नका, अखंड तुकड्यातून मिलिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूचा टेंपर उतरतो आणि बरीच ताकद जाते.

खरी काळजी थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन तडा जाण्याची. ठरावीक ताणाच्या खाली स्टील भाराच्या कितीही फेऱ्या सोसतं, ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही. ६०६१-टी६ ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो) २७५ मेगापास्कलच्या आसपास, पण कोट्यवधी फेऱ्यांनंतर भरवसा जेमतेम ९५ चा. आपल्या एलबीएस रोडचे खड्डे आठवा. कोपऱ्यांना मोठी गोलाई द्या, कटरचे ओरखडे घासून काढा, आणि बारीक जागी पार्ट नंबर ठोकू नका.

मुंबईची खारी, दमट हवा स्टील-ॲल्युमिनियमच्या सांध्यात ॲल्युमिनियमच खाते. आर्म ॲनोडाइझ करा (पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवा), बोल्ट झिंक-फ्लेक, म्हणजे जस्ताच्या पापुद्र्यांच्या कोटिंगचे वापरा, पाणी साचेल असा खळगा ठेवू नका. मॅग्नेशियम आणखी हलकं, पण या हवेत मी ते सस्पेन्शनला लावणार नाही.

तडे शोधायला डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव वापरा. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून चुंबकीय तपासणी इथे चालत नाही. आणि वाकलेला आर्म कोणी तापवून सरळ करून देतो म्हणाला तर देऊ नका, भंगारातच टाका.