कवटीलगतचं रक्त सीटीत दिसावं म्हणून

डोक्याचा सीटी उघडला की मी आधी विंडो बघते, म्हणजे घनतेचा कोणता पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायचा ती सेटिंग. मेंदूसाठी विड्थ (पट्ट्याची रुंदी) ८०, लेव्हल (पट्ट्याचा मध्य) ४० ठेवा: ० हाउन्सफील्डच्या (सीटीतलं घनतेचं एकक), म्हणजे पाण्याच्या, खालचं सगळं काळं आणि ८०च्या वरचं पांढरं. पण तिथेच थांबू नका. कवटीला चिकटलेला ताज्या रक्ताचा पातळ थर हाडाच्या पांढऱ्यात हरवतो. विड्थ २००, लेव्हल ८०च्या आसपास न्या. थर करडा होतो, हाडापासून सुटा दिसतो. घरात पडलेल्या आजीआजोबांच्या स्कॅनमध्ये ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही.

चित्र दाणेदार वाटलं तर पातळ स्लाइस (स्कॅनचे काप) एकत्र करून ५ मिमीच्या करा. फ्रॅक्चरसाठी मात्र शार्प कर्नलची (कडा ठळक करणाऱ्या फिल्टरने बनवलेली) बोन सिरीजच, म्हणजे हाडांसाठीचा चित्रसंचच, हवी. मऊ कर्नलच्या चित्रावर नंतर शार्पनिंग केलं की नॉइजच, म्हणजे दाणेदारपणाच, वाढतो.