गोरखचिंचेचं बी शेवटी रुजलं!

दोन पावसाळे मी गोरखचिंचेच्या, म्हणजे त्या जाड बुंध्याच्या बाओबाब झाडाच्या, बिया नुसत्या कुंडीत खोचत होते आणि काही म्हणता काही येईना, उकरून बघितलं तर बी तसंच्या तसं टणक, जणू खडाच. मग लक्षात आलं की दोष मातीचा नाही, सालीचा आहे, ती इतकी जाड असते की पाणी आत शिरतच नाही. यावेळी आधी बियांवरचा तो आंबट पांढरा गर नीट धुतला, मग पॉलिश पेपरवर एक बाजू घासत बसले, तपकिरी जाऊन आतलं पांढरट जेमतेम दिसेपर्यंत, त्यापुढे नाही हं, आतल्या अंकुराला लागतं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्याच लावल्या, बाकीच्या परत घासल्या.

माती अर्धी वाळू घालून भुसभुशीत केली, कारण ओल साचली की कोवळा देठ बुडाशी कुजतो, आमचं एक रोप तसंच गेलं, फार वाईट वाटलं. दहाव्या दिवशी पहिला कोंब! सुरुवातीची पानं साधी, एकेकटी असतात, पंजासारखी नंतर येतात, तेव्हा भलतंच काही उगवलं म्हणून उपटू नका. थंडीत पानं गळली तर पाणी अगदी कमी करा.