लाखेची तबकडी हातात आली की आधी काय बघायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या लाखेच्या रेकॉर्ड्सचा ढीग दिसला की लोक आधी गायकाचं नाव शोधतात. मी आधी लेबलवरचं कंपनीचं नाव वाचतो, कारण वयाचा अंदाज तिथेच लागतो.

लेबलवर 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' असं असेल तर जरा थांबा! कंपनीच्या नावात टाइपरायटर साधारण १९०० ते १९०७ एवढाच काळ होता, म्हणजे तबकडी त्याच सुमाराची. वर पंख लावून बसलेला देवदूत असतो, आणि मागची बाजू बहुतेक वेळा कोरी, गाणं एकाच बाजूला. कुत्रा आणि कर्णा असलेलं एचएमव्हीचं लेबल त्यानंतरचं. देवदूताच्या लेबलच्या काळात हिंदुस्थानातलं रेकॉर्डिंग जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथे छापून यायचं, कलकत्त्याला सियालदाची फॅक्टरी १९०८ ला सुरू झाली. म्हणूनच तर गायिका गौहर जानच्या रेकॉर्डवर गाणं संपल्यावर 'माय नेम इज गौहर जान' असं ऐकू येतं, तिकडच्या कारागिरांना ही कुणाची रेकॉर्ड ते कळावं म्हणून. तिचं १९०२ चं रेकॉर्डिंग, आणि तेव्हा कर्ण्यात तोंड घालून ओरडून गायचं, माइक नव्हताच.

पण एक घोळ आहे, जुनी गाणी पुढे नव्या लेबलवर परत छापली जायची. म्हणजे लेबल सांगतं तबकडी कधी छापली ते, गाणं कधी गायलं ते नाही. त्यासाठी लेबलच्या बाजूची गुळगुळीत जागा उजेडात तिरकी धरा, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा क्रमांक, कोरलेला असतो. एचएमव्हीच्या रेकॉर्डवर त्या नंबरच्या शेजारी छोटा त्रिकोण दिसला तर ते १९२५ नंतरचं, माइकवर केलेलं इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग. माझ्या मते ही एक खूण पाठ केली तरी अर्धं काम झालं.

पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्या वेगळ्याच, त्यांच्यात सुई आडवी नाही तर वरखाली हलते, आणि काही तर आतून बाहेर वाजतात. साध्या साउंडबॉक्सवर (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी) लावून 'खराब आहे' म्हणून फेकू नका.

घेताना माठ घेतो तशी कडेला हळूच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी बारीक चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी.

आता धुण्याचं. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून एक चांगली नाट्यगीताची तबकडी स्पिरिटने पुसली, तर वरची चकाकीच बोळ्यावर आली आणि खाली राखाडी चट्टा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हो, फर्निचरचं पॉलिश त्याचंच तर करतात. साधं पाणी, एखादा थेंब साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच पुसायचं, बास.

वाजवताना चावीच्या मशीनवर स्टीलची पिन दर बाजूला बदला, कंजूषपणा नको, बोथट पिन खाचा खाते. टर्नटेबलवर वाजवणार असाल तर एलपीची, म्हणजे नंतरच्या विनाइल रेकॉर्डची सुई चालत नाही, ७८ ची जाड वेगळी मिळते. आणि ठेवायच्या उभ्या, एकावर एक आडव्या रचल्या तर उन्हाळ्यात खालच्या वाकतात.