एमबीबीएसचं कर्ज: पहिल्या वर्षापासूनच व्याजाकडे लक्ष

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र फी कॉलेजच्या खात्यात गेली त्याच दिवसापासून चढू लागतं, आणि घरातला हिशेब नेमका इथेच चुकतो.

समजा, पहिली चार वर्षं दरवर्षी 4 लाख आणि शेवटच्या सहामाहीसाठी 2 लाख, असे एकूण 18 लाख 10 टक्क्यांनी घेतले. इंटर्नशिप आणि पुढची वर्षभराची सवलत धरून साडेसहा वर्षांत सरळव्याजच साडेआठ लाख साठतं. बँक ते मुद्दलात मिळवते. मग दहा वर्षांच्या परतफेडीचा हप्ता 23,800 ऐवजी 35,000 पडतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला जेमतेम 3,333 असतं. घरून तेवढं जमत असेल तर भराच. शिक्षण चालू असताना व्याज नियमित भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात.

कर्जाआधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल बघा. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळू शकते. अभिमत विद्यापीठात ती नाही. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि बरेच जण दुसऱ्या वर्षी तेच विसरतात. मंजूर रक्कम पूर्ण उचलायची सक्ती नसते; उरलेल्या फीपुरतंच डिमांड लेटर (कॉलेजचं फी मागणीचं पत्र) बँकेला द्या.

मंजुरीपत्रात कोर्सची मुदत साडेपाच वर्षं लिहिली आहे ना, हे सही करण्याआधी पाहा. शाखेने साडेचार टाकली, तर इंटर्नशिप संपताक्षणी हप्ता दारात उभा! पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) प्रवेश मिळाला तर मुदतवाढीचा अर्ज पहिल्या हप्त्याच्या तारखेआधी द्या. खातं थकलं की सहकर्जदार असलेल्या आईवडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो.

लॅपटॉप कर्जात बसतो म्हणून घेऊ नका. पहिल्या वर्षी घेतलेल्या 60,000च्या लॅपटॉपवर पहिला हप्ता येईपर्यंत 39,000 व्याज चढलेलं असतं. हाडांचा संच आणि पुस्तकं सिनियरकडून घ्या, पीजीच्या तयारीचं ॲप पहिल्या वर्षी नकोच. मेसचे पैसे कमी पडले तर घरी सांगा, पण क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलू नका: तिथे महिन्यालाच तीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं.